चारही बाजू समान, सबब क्षेत्र समान

अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी अनसिंगकडच्या आमच्या शेताची वाटणीसाठी मोजणी झाली. तिला जबाबदार मोजणीदार. त्याच वर्षी पोळ्याआधी नकाशावर सही झाली. तिला जबाबदार त्याचे वरिष्ठ, ज्यांनी बांधावर पाऊल ठेवले नाही. पुढच्या दिवाळीनंतर माझी हरकत फेटाळण्यात आली. तिला जबाबदार ते अधिकारी, ज्यांनी उत्तरात एकच वाक्य लिहिले : ‘चारही बाजू समान, सबब क्षेत्र समान.’ गेल्या माघात माझा थोरला भाऊ वारला. त्याच्या मृत्यूची जबाबदारी मी कोणावर टाकत नाही. तो माझ्याशी न बोलता गेला, याची टाकतो.

दोघांच्याही वावराची प्रत्येक बाजू शंभर मीटर भरली होती. माझे वावर काटकोनात बसले. त्याच्या वावराच्या कडेने नाला तिरका वाहतो, म्हणून त्याचे दोन बांध कललेले. बांधांची लांबी शंभरच. पण त्या दोन बांधांमधले सरळ अंतर सत्त्याऐंशी. म्हणजे मला शंभर आर, त्याला सत्त्याऐंशी. कर्ण मोजला असता तर हे त्याच दुपारी उघड झाले असते. मोजणीदाराने कर्ण मोजला नाही. ऊन होते.

भावाला ते कळले सोयाबीनच्या पेरणीत. बियाणे दोघांनी सारखेच घेतले होते.

“काहून रे,” तो बांधावरून म्हणाला, “तुह्या वावरात बी पुरते, अन् माह्या वावरात उरते?”

“उरलं त मले दे,” मी हसत म्हणालो.

तो हसला नाही. “मधल्या बांधाच्या दगडाले पाय फुटले काय?”

मी दोरी आणली. त्याच्यासमोर चारही बाजू मोजल्या, शंभरच भरल्या.

“दोरी तुहीच हाय, वकीलसाहेब.”

मी वकील नाही. कोर्टात कारकुनी केली आणि अर्ज लिहिण्याची सवय लागली, म्हणून तो मला तसे चिडवीत असे. पूर्वी त्यात माया असे.

मग मी सारख्या लांबीच्या चार तुराट्या घेतल्या, टोके सुतळीने बांधली आणि तो चौरस त्याच्या अंगणात ठेवला. एक कोपरा दाबला. चौकट कलली, आतली जागा आक्रसली. “पाह्य दादा, काडी एकही तुटली नाही, तरी जागा गेली. तुह्यं वावर असं हाय. दगड हलला नाही. पाहिजे त वावर बदलून घे.”

त्याने तुराट्या उचलून चुलीत घातल्या. “जमीन नेली, अन् आता मले काड्याचा खेळ दाखवून राह्यला.” त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. त्याचे क्षेत्र कमी भरते, अशी हरकत मग मीच घेतली. त्याला माझ्यापेक्षा तेरा आर कमी मिळाले, पण ते दगड सरकवून माझ्याकडे आले नव्हते. हे त्याला पटवणारा शिक्का फक्त त्या अधिकाऱ्यांकडे होता.

तेराव्याच्या दिवशी वहिनी दारात आली. आवाज चढवला नाही. “भाऊजी, ते त गेले. आता तरी दगड जागेवर ठेवा.”

माझा शब्द तिला पुरणार नाही. म्हणून मागणी करतो : माझी हरकत फेटाळणाऱ्या अधिकाऱ्यांनी आमच्या गावच्या ग्रामसभेत यावे, त्या वावराचा कर्ण सर्वांसमक्ष मोजावा, आणि माझ्या वहिनीकडे पाहून सांगावे की तो दगड कधीच हलला नव्हता. लेखी उत्तर मला नको. मोठ्याने सांगावे.