स्पेनची बाटली आणि माझा ग्लास

सांता क्लाराला मी चिप टेस्टिंगच्या ग्रूपमध्ये होते, तेव्हाची गोष्ट. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. कित्येक महिने सगळ्यांना छळणारा एक दोष अखेर मी शोधून काढला, आणि आमचा मॅनेजर इतका खूश झाला की त्याने सगळ्या ग्रूपला जोडीने घरी जेवायला बोलावलं. "तुझ्यासाठी खास बाटली उघडणार आहे," तो मला म्हणाला.

ती बाटली त्याने स्वतः स्पेनहून आणली होती. तिथल्या एका जुन्या घराण्याचा द्राक्षमळा, मधोमध दगडी हवेली आणि तिच्या तळघरात लाकडी पिंपांत मुरत ठेवलेली रेड वाईन. जेवणाआधी उभा राहून तो हे रंगवून सांगत होता. वेली त्याच्या आजोबांहून म्हाताऱ्या. पाणी कोणी देत नाही, मुळंच खोल जाऊन ओल शोधतात.

मी कान टवकारले. माझं माहेर नाशिकजवळचं, द्राक्षबागायतदाराचं. छाटणीच्या दिवसांत आमच्याकडे दुसरा विषय नसायचा, आणि अवेळी ढग आले की वडिलांना जेवण जायचं नाही. पाण्यावाचून द्राक्षं येतात हे मला पटेना.

"मग घड केवढे येतात?" मी विचारलं.

त्याने ऐकलंच नाही. तो बूच काढण्यात गुंतला होता.

वाईनचा रंग डाळिंबाच्या रसासारखा होता, कडेला जराशी विटकरी झाक. एकेकाच्या हातात ग्लास गेले. मग तो माझ्यासमोर आला तो ऑरेंज ज्यूस घेऊन.

"हे तुझ्यासाठी!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारून नवरा म्हणाला, "येस, शी डझंट ड्रिंक." आणि स्वतः वाईनचा ग्लास घेतला. सगळ्यांनी माझं कौतुक करत ग्लास उंचावले. मीही ज्यूस उंचावला.

परतताना गाडीत मी म्हटलं, "माझ्या वतीने तू का बोललास?"

"अगं, पण तू घेतेस का कधी?"

"नाही घेत. पण ते मी सांगितलं असतं ना! आणि आज कदाचित घेतलीही असती."

"यार, एवढ्याशा गोष्टीचा इश्यू करतेस तू."

सोमवारी मी मॅनेजरला त्या मळ्याचं नाव विचारलं. त्याने हसत लिहून दिलं. "नवऱ्याला आवडलेली दिसते!"

"मला हवी आहे," मी म्हटलं.

"अच्छा, त्याला सरप्राइज! छान."

मी चिठ्ठी घेतली. संताप गिळला आणि संध्याकाळी वाईनच्या दुकानात गेले. दुकानदाराने एक गुलाबी, गोड बाटली पुढे केली. बायकांना हीच आवडते, म्हणाला. मी मळ्याचं नाव पुन्हा सांगितलं, ऑर्डर द्यायला लावली आणि स्वतःचा फोन नंबर दिला. काही आठवड्यांनी फोन आला. मीच उचलला, तर पलीकडून म्हणे, "तुमच्या मिस्टरांना सांगा, त्यांची वाईन आली आहे."

एका शनिवारी दुपारी मी ती उघडायला बसले. घरात बूच काढायचा स्क्रू नव्हता, तो नवा आणला होता. त्याने बूच अर्ध्यात तुटलं आणि उरलेला तुकडा भुगा होऊन आत पडला. इतक्या खटपटीने मागवलेली ती खानदानी वाईन मला चहाच्या गाळणीतून गाळावी लागली. ती ग्लासात पडते न पडते तोच बेल वाजली. आमच्याच कॉम्प्लेक्समधले काका-काकू चकल्यांचा डबा घेऊन आले होते. नवरा बाटली सिंकखाली ठेवायला धावला.

"राहू दे तिथेच," मी म्हटलं आणि दार उघडलं.

काकू बसल्या आणि त्यांची नजर थेट बाटलीवर गेली. मी त्यांच्यासमोरच पहिला घोट घेतला. आधी नुसती तुरट लागली, द्राक्षाची बी दाताखाली फुटावी तशी. मग भिजलेल्या लाकडाचा वास आला, आणि त्यामागून काहीतरी मऊ, जुनं, ज्याला मला शब्द सापडेना. आवडली का, ते ठरवायला मला जरा शांतता हवी होती.

पण काका नवऱ्याला म्हणत होते, "काय रे, हिलापण लावलीस का सवय?"

"नाही काका," नवरा म्हणाला. "तिनेच मागवली, तिनेच उघडली. मी अजून चाखलीही नाही."

मी चमकून त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टेत बोलत नव्हता.

"बायकोवर कशाला ढकलतोस!" काका हसले. काकूंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "नवऱ्याच्या हट्टापुढे किती वाकायचं, ते आपणच ठरवायचं गं."

"काकू, हट्ट माझाच आहे," मी म्हटलं. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली. त्यांना एक अक्षरही पटलं नव्हतं.

ते गेल्यावर मी ग्लास संपवला. नवऱ्याने आपलाही भरला.

त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत आरती झाल्यावर दोन-तीन काकांनी नवऱ्याला कोपऱ्यात घेतलं. ती स्पेनची कुठे मिळते म्हणून विचारत होते. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं, "तिला विचारा, तिलाच माहीत आहे." मी प्रसादाची ताटली हातात घेऊन जवळच उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हसले, आणि पुन्हा त्यालाच म्हणाले, "सांग ना यार, कशाला भाव खातोस!"