पुठ्ठ्याचं स्वयंपाकघर

माझी भाची बंगलोरला नोकरी करते. काय करतेस म्हणून विचारलं तर म्हणते, मावशी, मी युएक्स डिझायनर आहे. म्हणजे लोक मोबाईल वापरताना कुठे अडतात ते बघायचं, कागदावर खोटा मोबाईल काढायचा, तो लोकांच्या हातात द्यायचा आणि पुन्हा बघत बसायचं. घरातले सगळे माना डोलावतात, कळत कोणालाच नाही. मला कळतं. कारण हेच काम मी नागपुरात, सदरमधल्या एका जुन्या बंगल्यात शिकले होते, तेव्हा मी संगणकाचं चित्रसुद्धा पाहिलेलं नव्हतं. त्या दिवसांतल्या सगळ्या गमती मी तिला सांगितल्या आहेत. एक गोष्ट मात्र सांगितलेली नाही, कारण ती गंमत नाही.

वर्षभराचा वर्ग होता. वस्तू आणि घरं वापरणाऱ्याच्या सोयीची कशी करावीत, ते शिकवायचे. माझे वडील म्हणाले होते, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात डोकावायचं शिक्षण आपल्या गल्लीत फुकट मिळतं, त्यासाठी सदरला कशाला जायचं? पण मला पाठवलं. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम उंच होत्या, सुती साड्या नेसायच्या आणि हसायच्या म्हणून नाहीत. त्यांचे नियम तीन. वापरणाऱ्याचा हात कधी चुकत नाही, चुकते ती वस्तू. बघणाऱ्याने बघताना तोंड उघडायचं नाही. आणि नमुना हा मोडण्यासाठीच बनवायचा असतो, त्यात जीव अडकवायचा नाही.

यातला दुसरा नियम मला जड गेला. माझ्या जिभेला हाड नाही हे आमच्या घरात सर्वमान्य होतं. कोणी दाराचा खटका उलटा ओढताना दिसलं की माझ्या तोंडून "अहो, तिकडून" निघालंच. मॅडम मला वर्गाबाहेर काढायच्या. मग बाहेरच्या निंबाखाली उभी राहून मी मूग गिळण्याचा सराव करायचे.

उन्हाळ्याच्या तोंडाला आम्हाला खरं काम मिळालं. कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला कामगारांसाठी नवीन क्वार्टर बांधायचे होते आणि त्यांतलं स्वयंपाकघर कसं असावं याचा नमुना आमच्या वर्गाने करून द्यायचा होता. प्रश्न साधा वाटतो, तसा नव्हता. ज्या बाया तिथं राहायला येणार होत्या त्या जन्मभर खाली बसून, चुलीपुढे स्वयंपाक करत आलेल्या. क्वार्टरमध्ये उभ्याचा ओटा होणार. त्यांना तो झेपेल कसा, हात कुठवर पोचेल, कशाला वाकावं लागेल, हे कागदावर कळत नाही. म्हणून बंगल्याच्या हॉलमध्ये मधोमध आम्ही खऱ्या मापाचं स्वयंपाकघर उभं केलं. बांबूच्या कामट्या आणि पुठ्ठे. ओटा पुठ्ठ्याचा, भिंती पुठ्ठ्याच्या, नळ रंगवलेला. आम्ही त्याला "खोटं" म्हणायचो. भांडी तेवढी खरी होती. बाईने येऊन त्या खोट्यात रोजचा स्वयंपाक केल्याचं सोंग करायचं आणि आम्ही बघायचं.

माझं काम स्टुलावर उंच बसून तिच्या पावलांचा माग काढण्याचं. चौकटीच्या कागदावर स्वयंपाकघराचा आराखडा असायचा आणि ती जिथे जिथे जाईल तिथे माझी पेन्सिल जायची. शेवटी कागदावर रेघांचा गुंता होतो आणि त्यात बाईचे किती हेलपाटे फुकट जातात ते दिसतं.

भर दुपारी जीपमधून बाया आल्या. कूलर बंद केला होता, त्याच्या घरघरीत काही ऐकू येत नाही म्हणून. पहिल्या बाया लाजल्या, हसल्या, "खोटा खोटा सैपाक" म्हणत पदर तोंडाला लावून मोकळ्या झाल्या. मग एक पस्तिशीची बाई आत गेली. ती हसली नाही. तिने चपला बाहेर काढल्या, पुठ्ठ्याच्या ओट्यावरच्या खोट्या शेगडीला हात जोडले आणि कामाला लागली. रंगवलेल्या नळाखाली हात धुतले. परातीत नसलेलं पीठ मळलं. आम्ही खूश झालो, अशी वापरणारी नशिबानेच मिळते.

थोड्या वेळाने माझी पेन्सिल अडखळायला लागली. ओट्याच्या डाव्या अंगाला, भिंतीलगत मोकळी फरशी होती, वर पुठ्ठ्याची फळी. बाई तिकडून जाताना दर वेळी अंग चोरून, आडवी होऊन जायची. पदर आवरायची. एकदा तिने वाटी घेतली, वाकली आणि त्या मोकळ्या जागेत खाली धरली. हात तसाच राहिला. कोणी वाटी हातातून घ्यावी तेवढा वेळ गेला, मग तिने ती जमिनीवर ठेवली. ती हळू आवाजात बोलत होती. मी वर बसले होते म्हणून मला ऐकू आलं. "डाव्या हाताले कढई आहे. सरका थोडं."

एवढ्या उकाड्यात मला थंडी वाजली हे मी आजही शपथेवर सांगेन. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी फक्त कागदाकडे बोट केलं, म्हणजे काढत राहा.

झाल्यावर मॅडमनी ठरलेला प्रश्न विचारला, या स्वयंपाकघरात काय कमी वाटलं? बाई म्हणाली, "सगळं चांगलं आहे बाई. फक्त बुढीले बसाले जागा नाही ठेवली. इथं भिंतीले फळी येऊन राहिली ना तुमची, तिच्या डोक्याले लागन."

बुढी म्हणजे तिची सासू. डोळ्यांनी पूर्ण अधू, हिच्याजवळ बसून चाचपत भाजी निवडणारी. आम्हाला हायसं वाटलं. घरी आंधळी सासू आहे, अंगवळणी पडलेल्या सवयीने ही तिला जागा ठेवते आहे, एवढंच. मॅडमनी फळी काढायची आणि कोपरा मोकळा ठेवायचा असं तिथल्या तिथे ठरवलं. पुढच्या नमुन्यासाठी पुन्हा बोलावू, असं बाईला सांगितलं. ती जायला निघाली तशी तिच्यासोबतची शेजारीण माझ्याजवळ मागे रेंगाळली.

"बुढी तं गेली ना बाई," ती खालच्या आवाजात म्हणाली. "मागच्या श्रावणातच गेली. हिले सांगून सांगून थकलो आम्ही. तिले जागा नसन तं मी क्वार्टरात येतच नाही म्हणते नवऱ्याले. तो एकटा जाईन म्हणते क्वार्टरात, पोरं घेऊन."

मी हे मॅडमना सांगितलं. त्यांनी हातातल्या कागदावरून फळीचं माप खोडलं. मग म्हणाल्या, वापरणारी जागा मागते आहे, आपण जागा द्यायची. कोणासाठी ते विचारायचं आपलं काम नाही. मला राग आला. एका बाईचा संसार मोडायला आला आहे आणि मॅडम फळीचं माप बोलतात, असं वाटलं. पण माझ्याजवळही दुसरं काही द्यायला नव्हतं.

नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवशी आम्ही खोटं मोडलं. पुठ्ठे बांधून ठेवले, रद्दीवाला हातगाडीवर घालून घेऊन गेला. हॉल पुन्हा मोकळा झाला. नवीन नमुना खिडकीच्या बाजूला उभारायचा ठरलं, तिथे उजेड बरा होता.

मधले दिवस रिकामे जाऊ नयेत म्हणून मॅडमनी एक सराव दिला. आम्हीच हॉलमध्ये वावरायचं, चहा आणायचा, सामान हलवायचं आणि एकाने सगळ्यांच्या पावलांचा माग कागदावर काढायचा. त्या दिवशी पेन्सिल माझ्याबरोबर शिकणाऱ्या अमरावतीच्या एका मुलाकडे होती, सुतारकामात हात बसलेला, भुताखेताची टिंगल करणारा. संध्याकाळी त्याने कागद माझ्यापुढे ठेवला. दारापासून खिडकीपर्यंत सरळ जायला कोणाची आडकाठी नव्हती. हॉलच्या मध्यात एक खुर्चीसुद्धा नव्हती. तरी सगळ्यांच्या रेघा तिथे येऊन वळल्या होत्या. माझीही. मधोमध एक पांढरा ठिपका उरला होता, एक माणूस मांडी घालून बसेल एवढा.

मॅडमनी कागद पाहिला. म्हणाल्या, इतके दिवस तिथे पुठ्ठ्याची भिंत होती, पायांना सवय लागते. बरोबरच असेल त्यांचं. पण हे सांगून त्या दाराकडे गेल्या, तेव्हा त्याही वळूनच गेल्या.

दुसरा नमुना तयार झाला आणि बाई पुन्हा आली. या वेळी ओट्याच्या डावीकडे आम्ही छान कोपरा ठेवला होता. डोक्याला लागेल असं वर काही नाही, पाठ टेकायला भिंत, दाराचा वारा येईल अशी जागा. मला त्या कोपऱ्याचा अभिमान वाटत होता. बाईने हात जोडले, पीठ मळलं, भाजी परतली. माझी पेन्सिल भराभर चालली. ती कुठेही आडवी झाली नाही. पदर आवरला नाही. खाली वाकून कोणाला काही दिलं नाही. कोपऱ्यातून ती दोनदा सरळ चालत गेली.

अमरावतीवाल्याने माझ्याकडे बघून हसून मान हलवली, जमलं म्हणून. आणि बाई हातातली पळी ठेवून खाली बसली.

"इथं आली नाही," ती म्हणाली.

मॅडम नियम मोडून तिच्याजवळ गेल्या. बाईने जे सांगितलं ते तिने रडून सांगितलं नाही, हरवलेल्या जनावराचा ठावठिकाणा सांगावा तसं सरळ सांगितलं. मागच्या वेळी ती सासूला मुद्दाम सोबत घेऊन आली होती. नवीन घर कसं आहे ते तिला कळावं, कुठे बसायचं ते ठरावं, म्हणजे हलायच्या दिवशी ती घाबरणार नाही. परत जाताना जीपवाल्याने घाई केली. त्या गडबडीत ती सासूला चला म्हणायचं विसरली. घरी गेल्यावर लक्षात आलं. तेव्हापासून घरात सासूची चाहूल नाही.

"मी बोलतो तं भिंतच आयकते," ती म्हणाली. "तिले दिसत नाही ना बाई. सांगा लागते. उठा म्हणा लागते, चला म्हणा लागते. ते पहिलं घर कुठं आहे?"

मोडलं, असं मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच असा पडलेला ऐकला.

बाईने आमच्या सगळ्यांकडे पाहिलं. "मोडाच्या आधी तिले सांगतलं काय कोणी?"

पहिलं खोटं कुठे उभं होतं ते कोणी दाखवायची गरज पडली नाही. ती हॉलच्या मध्यावर गेली, बरोबर त्या पांढऱ्या ठिपक्याच्या कडेला बसली, हात पुढे केला आणि म्हणाली, "आत्याबाई, चला. मी आली."

आम्ही भिंतीशी उभे होतो. बाहेर हॉर्न वाजला, थांबला, पुन्हा वाजला. तिचा हात तसाच पुढे होता. मला रडू येत होतं आणि भीतीही वाटत होती, त्यातलं आधी काय आलं ते सांगता येणार नाही. शेवटी तिने हात मागे घेतला.

"रागावली असन," ती म्हणाली. "जिती होती तवाही अशीच रुसे. मी मनवू मनवू थके." मग उठली, चपला घातल्या आणि दाराच्या मधोमधून सरळ निघून गेली. माझ्या नजरेला आता सवय झाली होती. ती एकटी गेली हे मला चालण्यावरून कळलं.

मॅडम तिच्या मागोमाग जीपपर्यंत गेल्या. तिथून त्या परत हॉलमध्ये आल्याच नाहीत, तशाच घरी गेल्या. बाकीचेही पांगले. हॉल आवरायला मी मागे राहिले. उन्हं अजून खिडकीतून आत येत होती. मी भांडी गोळा केली, पेन्सिली डब्यात ठेवल्या आणि निघायचं म्हणून वळले, तर पाय निघेना. भीती सरली होती. मनात एकच येत होतं, म्हातारीला दिसत नाही, तिच्याभोवतीचं घर आम्ही न सांगता उचलून नेलं, आणि या हॉलमध्ये तिच्या ओळखीचं कोणी नाही. आपणही तिच्या जागी रुसलो असतो.

मी मध्यावर गेले. वर्षभर ज्या तोंडाला कुलूप घालायला शिकले होते ते उघडलं. आजी, मी इथं शिकणारी मुलगी, असं म्हणाले. तुम्ही बसलात ते घर खोटं होतं, पुठ्ठ्याचं. ते आम्ही मोडलं, तुम्हाला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. तुमची सून तुम्हाला न्यायला आली होती. ती आताच गेली, खापरखेड्याच्या रस्त्याने. नवीन घरात ओट्याच्या डाव्या अंगाला तुमची जागा ठेवली आहे, वर फळी नाही, डोक्याला लागणार नाही. तुम्ही गेला नाहीत तर ती त्या घरात पाय ठेवणार नाही, आणि तिचा नवरा पोरं घेऊन वेगळा निघेल. राग नंतर काढा तिच्यावर, घरी जाऊन.

बोलणं संपल्यावर लक्षात आलं की मी वाकून, बसलेल्या माणसाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बोलत होते. मी सरळ झाले. दाराची दोन्ही पाखं सताड उघडली आणि तिला निघायला वेळ मिळावा म्हणून बाहेर पायरीच्या एका कडेला बसून राहिले.