उत्तरेचा बाण

बांधकाम परवानगीच्या कचेरीत तो एकतीस वर्षं एकाच खुर्चीत बसला. गाव त्याला 'लाल पेन' म्हणायचं. म्हणायचं ते शिवी म्हणून. याला मात्र ती पदवी वाटायची. शर्टाच्या खिशाला त्या पेनाचा डाग पडलेला असायचा, आणि हा गृहस्थ तो डागसुद्धा पदकासारखा मिरवायचा.

त्याची कामाची रीत सोपी होती. कोणाला खोली वाढवायची असायची, कोणाला भिंत सरकवायची. माणूस नकाशा आणि कागद घेऊन यायचा. लाल पेन फाइल उघडायचा आणि पहिली चूक सापडेपर्यंतच वाचायचा. सापडली की तिच्याभोवती लाल गोल, खाली 'त्रुटी' असा शब्द, आणि फाइल परत. पुढचं पान उलटायचंच नाही. तिथे दुसरी चूक असली तर ती पुढच्या खेपेला. ज्याच्या कागदांत पाच चुका, त्याला पाच खेटे. एकदम पाचही सांगितल्या असत्या तर याच्या तीर्थरूपांचं काय जात होतं? पण नाही सांगितल्या. शाळेतल्या एका शिपाईणबाईंनी न्हाणीघराच्या खिडकीसाठी पावणेदोन वर्षं चकरा मारल्या. शेवटी बिचारीने खिडकीच नको म्हणून लिहून दिलं, तर त्यावर तारीख नाही म्हणून तो कागदही परत आला.

संध्याकाळी जेवताना हा बायकोला पराक्रम ऐकवायचा. "आज पुन्हा एकाला पकडला. एवढा मोठा नकाशा, आणि उत्तरेचा बाणच नाही." नकाशात उत्तर कुठे ते दाखवणारा बोटभर बाण कोपऱ्यात काढावा लागतो. गावातले मुरलेले नकाशावाले नेमके तोच विसरायचे; बाकी त्यांचं काही चुकत नाही, अशी याची खात्री होती. "माझ्या नजरेतून काही सुटत नाही," असं म्हणत तो ताठ बसायचा. बाण सापडलेल्या दिवशी बायको त्याला आग्रहाने वाढायची. हे आपल्या नजरेचं कौतुक आहे, अशी या शहाण्याची समजूत होती.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी बायको पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड सांधलं, पण पाय पूर्वीसारखा उचलेना. त्यांची झोपायची खोली वर, संडास वर, आणि मध्ये चौदा पायऱ्या. बायकोने मुक्काम खाली सोफ्यावर हलवला. वर जायचं म्हणजे एका हातात कठडा, दुसऱ्या हातात नवरा, आणि दर पायरीला कळ. आठवडाभरात तिने दुपारनंतर पाणी पिणंच सोडलं. घशाला कोरड पडली की चूळ भरायची आणि टाकून द्यायची. डॉक्टरांनी तपासलं आणि त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "असंच चाललं तर मूत्रपिंडं जातील. खाली सोय करा, आणि लवकर करा."

मग लाल पेनने ठरवलं, घराच्या मागच्या अंगाला एक खोली काढायची, तिला लागून संडास आणि न्हाणीघर.

"त्या चौकातल्या नकाशावाल्याला द्या ना काम," बायको म्हणाली. "महिन्याभरात परवानगी आणतो म्हणतात."

"तो? त्याला उत्तर कुठे असते ते अजून कळलं नाही. मी स्वतः काढतो नकाशा."

"अहो, नुसतं विचारून तर बघा."

"तुला यातलं काही कळत नाही."

गप्प बसायची तिला सवय होती.

तीन आठवडे हा डोळ्यांत तेल घालून बसला. मापं तीनतीनदा तपासली. कागद क्रमाने लावले, प्रत्येकावर तारीख घातली. बाण तर असा ठसठशीत काढला की रस्त्यावरून दिसावा. एकही चूक नसलेली फाइल त्या कचेरीत आजवर कधी गेली नव्हती. आणि तिथेच घोड्याने पेंड खाल्ली.

त्याच्या खुर्चीत आता त्याच्याच हाताखाली शिकलेली बाई बसत होती. तिने उठून त्याला बसायला दिलं, चहा मागवला, फाइल ठेवून घेतली. नंतर ती वाचू लागली आणि घाबरली. "बिनचुकीची फाइल नसते. चूक दिसली नाही तर तुझी नजर कमी पडली असं समज," हे त्यानेच तिच्या डोक्यात भरवलं होतं. तिने तीन वेळा वाचली. काही सापडेना. सर आपली परीक्षा बघताहेत, असं तिच्या मनाने घेतलं. मग यानं एकतीस वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते तिने केलं. जुन्या दप्तरातून त्याच्या घराचा मूळ मंजूर नकाशा शोधून काढला, टेप घेतली, आणि त्याच्या मागच्या अंगणात येऊन मापं घेतली.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. स्वयंपाकघराची मागची भिंत मंजूर नकाशापेक्षा दोन फूट बाहेर आहे. ते दोन फूट आधी पाडा, मग नव्याने अर्ज करा. घर बांधताना ती भिंत त्यानेच सरकवली होती. परवानगीवाल्याचं स्वयंपाकघर मोजायला कोण येतंय, असा हिशेब होता.

तो तडक कचेरीत गेला. "मी शिकवलं तुला," तो म्हणाला.

"म्हणूनच सापडलं सर," ती अगदी भक्तिभावाने म्हणाली.

त्या आठवड्यात बायकोला लघवीची जळजळ होऊन ताप भरला. दोन दिवस दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. तेव्हा कुठे हा नाक मुठीत धरून चौकातल्या नकाशावाल्याकडे गेला.

नकाशावाल्याने त्याचा नकाशा टेबलावर पसरला आणि बराच वेळ पाहिला. "हात सुरेख आहे साहेब. पण असा नकाशा कोणी देतं का?"

"काय चुकलंय यात?"

"काहीच नाही, तेच चुकलं. त्यांना सापडायला काहीतरी ठेवायला हवं होतं. सापडलं नाही की माणूस खणत बसतो."

लाल पेनला उमगेना. नकाशावाल्याने मान खाजवली. "तुमच्या वेळी आम्ही बाण ठेवायचो. म्हणजे काढायचोच नाही. तो सापडला की तुम्ही पुढचं पान बघत नव्हता. दुसऱ्या खेपेला बाण काढून आणला की बाकीचं न बघताच तुम्ही खुशीत सही करायचात. वळणावरच्या इमारतीची गॅलरी चार फूट रस्त्यावर आलीय ना? बाणावर गेली ती."

"सगळेच करायचे हे?"

"धंद्यातले सगळेच. स्वतः कागद करणाऱ्या लोकांना कुठलं माहीत असायला."

म्हणजे एकतीस वर्षं पठ्ठ्याने पकडलं काय, तर त्याच्यापुढे मुद्दाम टाकलेला तुकडा. रस्त्यावर आलेल्या गॅलऱ्या याच्या नाकाखालून गेल्या, आणि अडकली कोण, तर खरंखुरं लिहून आणणारी शिपाईणबाई.

स्वयंपाकघराची भिंत पाडून दोन फूट आत घेतली. त्यात दोन महिने गेले. नकाशावाल्याने नवा नकाशा काढला आणि कोपरा मोकळा सोडला. लाल पेनने तो स्वतःच्या हाताने नेऊन दिला. कचेरीतल्या त्या बाईने पहिलंच पान उघडलं आणि तिचा चेहरा खुलला.

"सर, उत्तरेचा बाण राहिला."

"राहिला खरा," तो म्हणाला. "वय झालं आता."

तिने लाल गोल काढला आणि फाइल मिटली. आठ दिवसांनी तो बाण काढून घेऊन गेला, आणि तिने सही केली.

खोली झाली. बायको तिथे राहायला गेली त्या दुपारी तो तिच्या पलंगाजवळ खुर्ची ओढून बसला आणि इतके दिवस पोटात ठेवलेलं एकदाचं सांगून मोकळा झाला. बाण, नकाशावाले, गॅलऱ्या, सगळं.

"मला माहीत होतं," बायको म्हणाली.

"कधीपासून?"

"वीसेक वर्षं झाली असतील. त्या नकाशावाल्याची बायको बोलली होती एकदा."

"आणि तू मला सांगितलं नाहीस. रोज माझी फजिती बघत जेवायला वाढत होतीस."

"रोज कुठे? एरवी तुम्ही कोणाकोणाला रिकाम्या हाताने परत पाठवलंत तेच ऐकायला लागायचं. मला घास जायचा नाही. बाण सापडला म्हणालात की बरं वाटायचं. म्हणायची, चला, निदान आज एकाचं तरी काम होणार." तिने उशी नीट केली. "तुम्हाला सांगितलं असतं तर तेही बंद केलं असतंत."

तो उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. खोलीला लागून असलेल्या नव्या न्हाणीघरातही एक खिडकी ठेवली होती.

"पाणी द्या," बायको म्हणाली. "तांब्याभर द्या."