नागपूरच्या खाली लंका

नागपूरच्या खाली लंका नाही. इतकी साधी गोष्ट, पण ती मला अजूनही शांतपणे सांगता येत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मुलगी आठवीत होती. शाळेच्या प्रदर्शनासाठी तिने नागपूरवरून जाणारी रेखांशाची रेघ घेतली, उत्तर ध्रुवापासून दक्षिण ध्रुवापर्यंत. रेघेवर जे लागेल तेवढेच दाखवायचे, आजूबाजूचे काही नाही. अंशाला अर्धा इंच धरला. एकशे ऐंशी अंशांची साडेसात फूट पट्टी झाली. वर गोठलेला समुद्र, मग रशियाचा अफाट पसारा, चीनचे वाळवंट, हिमालय, गंगा, नर्मदा, आपण, गोदावरी, कृष्णा, तंजावरकडची भातशेती. अख्ख्या भारताला जेमतेम साडेबारा इंच मिळाले. त्याखाली दक्षिणेच्या बर्फापर्यंत एक खडकही लागत नाही. तिथे सव्वातीन फूट नुसता निळा घोटीव कागद. तो चिकटवताना ती म्हणाली होती, "बाबा, आपल्या खाली किती पाणी आहे!"

प्रदर्शनाच्या सकाळी आम्ही पाहतो तर त्या निळ्यावर हिरव्या कागदाची लंका. भूगोलाच्या मास्तरांनी, कोणाला न विचारता, डिंकाने डकवलेली.

मास्तर आमच्याच गल्लीतले. मी घरून नकाशांचे पुस्तक आणून त्यांच्यापुढे उघडले. त्यांनी पाहिलेसुद्धा नाही.

"भाऊ, रामटेकावरून रामजी सिधे लंकेलेच गेले ना? मंग नागपूरच्या खाली लंका नाही तं काय येईन?" वर हसून म्हणाले, "इतकं निळं पाहून पाहुणे म्हणतीन, पोरीनं काम अर्धंच टाकलं."

मी म्हटले, लंका आपल्या रेघेच्या पूर्वेला आहे, अर्ध्या अंशाहून जास्त. अर्ध्या अंशाचं काय घेऊन बसले, असे ते म्हणाले. तो अर्धा अंश तिथे पंचावन्न किलोमीटर भरतो. नागपूरचे तिकीट काढलेल्या माणसाला काटोलला उतरवून दिले तर तो गप्प बसेल का? भूगोल शिकवणाऱ्याला हे मी सांगायचे! त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि पाहुण्यांना आणायला गेले.

पाहुणे पट्टीपाशी थांबले. मुलीने छडी ध्रुवावर टेकवली आणि एकेक करत खाली आली. लंकेपाशी छडी थांबली. मास्तर मान डोलावत उभे होते.

"ही लंका सरांनी लावली आहे," ती म्हणाली. "आमची रेघ इथून जात नाही." आणि छडी बर्फापर्यंत नेली.

बक्षीस दुसऱ्या कोणाला तरी मिळाले. ते असो. पण त्या महिन्याच्या प्रगतिपुस्तकात वर्तणुकीपुढे 'उद्धट' असा शेरा आला, आणि तो लिहिणाऱ्याचा हात भूगोलात चुकलेलाच हात होता. मी सही केली नाही.

पट्टी घरी आणली. हिरवा कागद ओला करून काढायला गेलो तर खालचा निळाही त्याच्याबरोबर फाटून आला. दुकानात त्या छटेचा निळा मिळेना. जरा गडद मिळाला, तो ठिगळासारखा लावला.

पट्टी बैठकीत आहे. येणारा प्रत्येक जण त्या ठिगळावर बोट ठेवून विचारतो, "हे कोणतं बेट?"