गुरुवारची पाटी

पेन्शनीत निघालो तेव्हा माझा आवाज इतका चढलेला होता की घरात मी पाणी मागितलं तरी गल्लीला वाटे, मास्तर कुणाला तरी झोडपताहेत. धारवाडच्या आणि आसपासच्या मराठी शाळांत तीस वर्षं ओरडलो, त्याचं हे फळ. शाळा सुटली आणि ओरडायला कोणी उरलं नाही. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली. घरात मी आणि बायको. सकाळी केलगेरीच्या तळ्यापर्यंत फिरून आलो की पुढचा अख्खा दिवस अंगावर यायचा.

फिरायला सोबतीला दिवाणी कोर्टातले एक निवृत्त मुन्सफ असत. मौनाचं खूळ त्यांनी माझ्या डोक्यात घातलं. आठवड्यातून एक दिवस तोंड मिटून बसावं, मन आपोआप आत वळतं, उतारवयात याहून चांगला उद्योग नाही, असं ते सांगत. जर्मनीशी दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीच्या त्या दोन-तीन वर्षांत मौनाची लाटच आली होती. मी गुरुवार धरला. अगदी अडलंच तर लिहून सांगावं म्हणून शाळेतली एक दगडी पाटी खुंटीला टांगली.

पहिल्याच गुरुवारी बायकोनं विचारलं, "भाजी कसली करू?" मी ऐटीत लिहिलं, दोडका. तिनं पाटी हातात घेतली, पाहिली, परत दिली आणि आत गेली. पानात भोपळा आला. भोपळ्याचा मला मनस्वी तिटकारा. मी पाटीवर लिहिलं, 'डोळे फुटले काय?' पाटी उचलून ती मागच्या दारानं शेजारी गेली. शेजारी वकिलांची थोरली बहीण राहायची, सारी गल्ली तिला अक्का म्हणायची. तिला पोथी वाचता यायची. तिनं माझं वाक्य खणखणीत आवाजात वाचून दाखवलं, आणि परसात धुणं धुणाऱ्या बायका हसल्या ते मला पानावर बसल्या बसल्या ऐकू आलं.

माझ्या बायकोला अक्षरओळख नव्हती. हे मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? पाटी टांगताना ते डोक्यात आलंच नाही, एवढंच. जुन्या हुबळीतल्या भांड्यांच्या दुकानदाराची ती मुलगी, लग्नात दहा वर्षांची. आधी माझ्या आईच्या धाकानं तिला शिकवलं नाही, पुढं बदल्या सुरू झाल्या, मग राहूनच गेलं. त्या संध्याकाळी अक्का कुंपणापाशी येऊन म्हणाली, "मास्तर, दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आज डोळ्यांनी बघितला की." मौन होतं म्हणून उत्तर देता आलं नाही.

शुक्रवारी सकाळी बायको तांदूळ निवडत बसली होती. मौन सोडून देऊ का, असं मी विचारलं. वर न बघता ती म्हणाली, "राहू द्या की. गुरुवारचं मला काही वाटत नाही. बाकीचे सहा दिवस तरी माझ्याशी कुठं बोलत होता? ओरडत होता तेवढं."

ते लागलं. आधी रागच आला, तो दोन दिवस टिकला. मग लाज वाटायला लागली, ती मात्र गेली नाही. पुढच्या गुरुवारी जेवणं झाल्यावर मी पाटी घेऊन तिच्यापुढं बसलो.

तोंड मिटून शिकवायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. पाटीवर 'मीठ' लिहून मिठाची बरणी पुढं ठेवली. तिचं चुकलं की 'गाढव' हा शब्द माझ्या जिभेवर यायचा आणि तिथंच अडायचा. मग थांबावं लागायचं. थांबलो की दिसायचं, रेघ ओढण्याआधी ती ओठांतल्या ओठांत कानडीत मोजते, ओंदु, एरडु, मूरु, रांगोळीचे ठिपके मोजावेत तशी. अडतीस वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. एकदा तिचा हात वळेना म्हणून मी तो धरायला गेलो. दिवसाउजेडी तिचा हात धरायची माझी ती पहिली वेळ. तिनं आधी उठून पुढचं दार लोटून घेतलं.

वर्षभरात ती लिहायला लागली. गुरुवारी मग तीही बोलेनाशी झाली, आणि पाटी आमच्या दोघांत फिरू लागली. सुरुवातीला भाजीपाल्यापुरतंच लिहायची. पुढं काहीबाही येऊ लागलं. 'कावळा रोज तोच येतो.' 'मला भांडी ठोकायचा आवाज आठवतो. इथं फार शांत आहे.' वेलांट्या चुकायच्या, पण वाक्य तिचं असायचं. मी जन्मभर निबंध तपासले, असं एकही वाक्य माझ्या हातून उतरलं नव्हतं. तिनं लिहिलं की मी वाचायचो, आणि ती ओल्या फडक्यानं पुसून टाकायची. वहीत उतरवून ठेवावं असं मला कधी सुचलं नाही. आता त्याची चुटपुट लागते.

एका गुरुवारी तिनं लिहिलं, 'त्याच्या कानांवर लव होती.'

आमचं पहिलं मूल, मुलगा, बारशाच्या आदल्या दिवशी गेला. माझी नेमणूक तेव्हा लांबच्या खेड्यात होती. पत्र पोचून मी हुबळीला येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी त्याला पाहिलंच नाही आणि तिला त्याच्याबद्दल कधी एक शब्द विचारला नाही. आठवण काढली तर ती रडेल, असं मी मनाशी म्हणायचो. खरं म्हणजे मलाच भीती वाटायची. त्या दिवशी पाटी माझ्या हातात होती आणि मला काही लिहिता येईना. ती फडकं घेऊन थांबली होती. बऱ्याच वेळानं तिनं स्वतःच पाटी ओढून घेतली आणि पुसली.

त्यानंतरच्या पौषात तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर येऊन मान हलवून गेले. मी मौनबिन सोडलं आणि बोलत सुटलो. औषध घे, डोळे मिटू नकोस, मुलीला पत्र टाकलंय, आज ऊन बरं आहे. बोलणं थांबवायची मला धास्ती वाटायची. आणि मधूनमधून एकच विचारायचो, "तुझा माझ्यावर राग आहे का?" पाटी तिच्या डाव्या हाताखाली सरकवून ठेवली होती. मला तेवढंच उत्तर हवं होतं. हो आलं असतं तरी चाललं असतं. ती वेड्यावाकड्या रेघा ओढायची आणि दमून पेन्सील सोडून द्यायची. मी पाटी पुसून पुन्हा विचारायचो. आजारी माणसाची मी परीक्षा घेत होतो, हे तेव्हा कळत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी तिनं पेन्सील घट्ट धरली. वार गुरुवार होता, पण मला त्याचं भान नव्हतं. मी वाकून बघत राहिलो. ओठ एका बाजूनं हलत होते, ती मोजत असावी. शेवटी अक्षरं आली, वाकडी, डोक्यावर रेघ नसलेली. 'गप बसा.'

मग तिनं डाव्या हातानं स्वतःचं अंग कसंबसं भिंतीकडे ओढलं. खाटेच्या कडेला वीतभर जागा झाली. मी तिथं बसलो. अक्काकडे बायका काहीतरी कुटत होत्या. परसात हौदात पाणी ठिबकत होतं. तिचा श्वास मध्येच अडायचा आणि पुन्हा लागायचा. दिवेलागणीपर्यंत मी काही बोललो नाही आणि माझ्या मनातही काही आलं नाही. मुन्सफ सांगायचे ते मौन बहुधा हेच असावं. ते मला तेवढं एकदाच साधलं, तिनं सांगितलं म्हणून.

चार दिवसांनी ती गेली. तिचा राग होता की नव्हता, हे मला अजून कळलेलं नाही.

आता मौन मुद्दाम पाळावं लागत नाही. घरात बोलायला कोणी नाही, तेव्हा सातही दिवस ते आपोआप पाळलं जातं. गुरुवारी दुपारी मात्र मी त्या रिकाम्या खाटेवर जाऊन बसतो, कडेला, तिनं करून दिली होती तेवढ्याच जागेत.