काठी परत आली... माझ्यामुळे?

भुताखेतांशी माझा कधी संबंध आला नाही. आला असता तर मी आधी त्यांची आर्द्रता मोजली असती. जपानमधल्या सेंदाईच्या विद्यापीठात मी जुन्या लाकडावर संशोधन करतो. घरचा गणपतीसुद्धा मुग्धाच्या — म्हणजे बायकोच्या — धाकाने बसतो. तेव्हा "हाही त्यातलाच निघाला" असं म्हणायच्या आधी पूर्ण वाचा.

इथल्या एका कला संग्रहालयात आयनू लोकांच्या वस्तू आहेत. आयनू म्हणजे उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाचे मूळ रहिवासी. पूर्वीच्या संशोधकांनी त्यांच्या घरांतून वस्तू सरळ उचलून आणल्या, विचारलं वगैरे नाही. आता संग्रहालयाने ठरवलंय की ज्याचं त्याला परत द्यायचं, तेही कुरियरने नाही — स्वतः जाऊन, वाकून माफी मागून.

पहिली वस्तू होती प्रार्थनेची काठी. चपटी, कोरीव, वीतभराहून जरा लांब. तिचं टोक साकेत, म्हणजे तांदळाच्या दारूत, बुडवून देवांना थेंब वाहायचे. माणूस बोलताना अडखळला तरी ती त्याचं म्हणणं नीट करून देवांपर्यंत पोचवते म्हणे. (माझ्या जपानीसाठी अशी एक हवीच होती!) तिच्यावरची घराण्याची खूण होक्काइदोतल्या एका आयनू आजोबांनी ओळखली. त्यांच्या आजोबांची काठी होती ती. या आजोबांची तब्येत फार खालावलेली. या काठीने पूर्वजांसाठी एकदा प्रार्थना करायची, एवढीच त्यांची इच्छा.

लाकूड प्रवास सोसेल का, हे तपासायचं काम माझं. सोसणार होतं. मग क्युरेटर ओनोदेरा-सान आणि मी मिळून ती पेटीत ठेवली, फोटो काढले, सील लावलं.

आता माझा पराक्रम. आदल्याच दिवशी आमच्या गणपतीचं बाल्कनीत, बादलीत विसर्जन झालं होतं. काठी उचलताना हात आपोआप तसाच चालला — आधी जागेवरून जरा हलवली, मग दोन्ही हातांनी उचलली आणि तोंडातून निघून गेलं, "पुनरागमनाय च! पुढच्या वर्षी लवकर या!" हातावर दही ठेवलं नाही, एवढंच.

"काय म्हणालात, पाटणकर-सान?" ओनोदेरा-सानांनी विचारलं.

"शुभ प्रवास," मी ठोकून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी होक्काइदोहून ओनोदेरा-सानांचा फोन. आवाज ओळखू येईना. गावाच्या सभागृहात सगळ्यांसमोर सील तोडलं, पेटी उघडली... आणि आत नुसता कापूस. मधोमध काठीच्या आकाराचा खळगा.

"खण बघा," ते म्हणाले. "कृपा करून आत्ता बघा."

मी स्टोअररूममधला तिचा खण उघडला. काठी तिथे होती. टोक डावीकडे, नेहमीसारखी.

पेटी ओनोदेरा-सानांनी क्षणभरही नजरेआड केली नव्हती. सील अख्खं होतं. कॅमेऱ्यात स्टोअररूममध्ये कोणी गेलेलं दिसेना. पण तिकडे या सगळ्याची काय किंमत? आजोबांची नात फोनवर एवढंच म्हणाली, "म्हणजे याही वेळी तुम्ही रिकाम्या हातानेच आलात." आजोबा घरी निघून गेले होते.

मी मुग्धाला फोन केला. वाटलं, हसेल. हसलीच.

"अरे शहाण्या, तू तिला परत बोलावलंस! ती आली!"

"मुग्धा, ते लाकूड आहे."

"मग लाकडाशी बोलायला कोणी सांगितलं होतं? आता जा आणि नीट निरोप दे."

"काय म्हणू? देवाला 'जा' कसं म्हणायचं?"

"माहेरी निघालीय ना ती? 'आता तिकडेच सुखाने राहा' म्हण. आणि हलवाहलवी करू नकोस!"

ओनोदेरा-सान काठी न्यायला परत आले. ते पेटी आणायला वळले तेवढ्यात मी खणाजवळ वाकून हळूच म्हणालो, "अहो, परत येऊ नका. तिकडेच सुखाने राहा." एक पीएचडी झालेला माणूस. काठीला अहो-जाहो. या वेळी मीही सोबत गेलो.

पेटी उघडली. काठी आत होती. संग्रहालयाचे संचालकही आले होते; ते कमरेत वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत. आजोबांना खुर्चीतून शेकोटीपाशी आणलं. त्यांचा हात इतका थरथरत होता की अर्धी साके बाहेर सांडली, पण टोक बुडवल्यावर थांबला. प्रार्थना लांबलचक चालली. एकदाही अडखळले नाहीत.

नंतर मला राहवेना. माझ्या मोडक्या जपानीत सगळं सांगून टाकलं — गणपती, बादली, सगळं. ओनोदेरा-सान पांढरेफटक पडले. आजोबा मात्र बोळकं उघडून हसले.

"आम्हीही देवांना पाठवताना 'पुन्हा या' म्हणतो," ते म्हणाले. "घरातून नेली तेव्हा तिला कोणी काहीच म्हटलं नव्हतं. तुम्ही बोललात, तिने ऐकलं."

ओनोदेरा-सान पुन्हा वाकले. हे कार्यक्रमात नव्हतं.

आम्ही दोघांनी ठेवल्याचा भास झाला म्हणावं, तर फोटोत काठी स्पष्ट दिसतेय. कोणी काढली म्हणावं, तर सील. मी सगळे पर्याय तपासले, एकही टिकला नाही, आणि मानायला मी अजूनही तयार नाही. आता दुसऱ्या वस्तूची पाठवणी आहे. ओनोदेरा-सानांनी मला पॅकिंगला बोलावलंय... आणि काय बोलणार ते आधी जपानीत सांगा, असं बजावलंय.