साडूंच्या प्रिंटरचे रविवार

कोणतीही गोष्ट मोठ्या आवाजात आणि दोनदा सांगितली की ती घडतेच, अशी गाढ श्रद्धा असलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर माझ्या साडूंकडे धुळ्याला चला. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्काचे यजमान. उभी हयात त्यांची एसटी स्टँडवरच्या खिडकीत, माईकसमोर गेली. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली आणि कुठली वाटेत बंद पडली, हे त्यांनी साऱ्या खानदेशाला ओरडून सांगितलं. निवृत्त झाल्यावर माईक सुटला, आवाज मात्र घरी आला. आमच्या जळगावातल्या पिंप्राळ्याच्या घरी ते उतरले की शेजारच्यांना कळतं साडू आले. चहा हवा असला तर "चहा लागलेला आहे का? चहा लागलेला आहे का?" माझ्या मुलीच्या लग्नात नवरीला तयार व्हायला उशीर झाला, भटजी घड्याळ बघू लागले, तेव्हा साडूंनी सनईवाल्याच्या हातातून माईक घेतला आणि जाहीर केलं, "नवरी थोड्याच वेळात मांडवात येत आहे. वऱ्हाडींनी गर्दी करू नये." लोक हसले, पण खरोखरच कुणी गर्दी केली नाही.

असा हा माणूस कॉम्प्युटरच्या नादी लागेल असं कुणाला वाटलं नव्हतं. तो नाद त्यांच्या मुलाचा. मयूर इंजिनियरिंगला असताना त्याने घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून लिनक्स टाकलं. म्हणाला, "पप्पा, डबा जुना झाला तरी यावर पळतो." मग तो शिकून जर्मनीला गेला आणि डबा धुळ्यात पळत राहिला. साडू रोज सकाळी तो चालू करत, थोडा वेळ बघत, बंद करत आणि वरून अक्काने विणलेला रुमाल टाकत. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी एक प्रिंटर आणला. छापणं, झेरॉक्स आणि स्कॅनिंग, तिन्ही कामं करणारा. दुकानातला माणूस जोडायला आला, त्याने पडदा पाहिला आणि कपाळाला हात लावला. "काका, हे काय लावलंय? फॉरमॅट मारतो, विंडोज टाकतो. चहा होईपर्यंत प्रिंटर चालू."

साडू एरवी शहरी मराठी बोलतात. मनाला लागलं की मात्र ते अहिराणीवर येतात. ते उठून कॉम्प्युटर आणि त्या माणसाच्या मध्ये उभे राहिले. "मन्हा पोऱ्यानी लायेल शे ते. बठ्ठं ऱ्हाऊ दे, जसं शे तसं." पोराने लावलेलं सगळं तसंच राहणार हे कळल्यावर माणूस चहा न घेताच गेला.

मग मला बोलावणं आलं. मी जळगावच्या एका कचेरीत कारकून. एकदा तिथल्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी ओढून काढला होता, तोही अर्धाच आला. एवढ्या भांडवलावर आमच्या नातेवाइकांत मी 'कॉम्प्युटरमधला माणूस' म्हणून ओळखला जातो. बायकोला बहिणीकडे जायचंच असतं, तेव्हा एरंडोल-पारोळ्याचे खड्डे मोजत आम्ही रविवारी धुळ्याला जाऊ लागलो. दुपारी, म्हणजे त्याच्याकडच्या सकाळी, मयूरचा फोन येई. फोन साडू टेबलावर स्पीकरला लावून ठेवत. साडू कीबोर्डवर, मी वायर धरून आणि अक्का तांदूळ निवडत टीका करायला.

मयूर तिकडून टाइप करायचं एकेक अक्षर सांगे आणि साडू ते पक्कं करून घेत. त्यांची पद्धत स्टँडवरची. "सुरतचा एस, उधन्याचा यू, धुळ्याचा डी, ओझरचा ओ. बरोबर? सुरत, उधना, धुळे, ओझर!" असा मार्ग आजवर कोणत्याही गाडीने धरला नसेल. पुढे पासवर्ड टाकायचा होता. साडूंनी टाकला, पण पडद्यावर एकही ठिपका उमटेना.

"मयूर, कीबोर्ड गेला रे!"

"गेला नाही पप्पा. दिसत नाही, पण आत जातोय. टाका आणि एंटर दाबा."

"जे दिसत नाही ते गेलं असं कसं समजायचं?"

अक्का तांदळातून मान वर न काढता म्हणाली, "पोरगा दिसतो का? तरी शे ना कुठंतरी? दाबा एंटर."

साडूंनी एंटर दाबलं.

पहिल्यांदा प्रिंटर चालला तो असा, की त्याने एकेका कागदावर वर एकच ओळ छापायला सुरुवात केली. त्या ओळीत चौकोन, काड्या, उलटी प्रश्नचिन्हं. थांबेना. साडू त्याला "थांबा! थांबा!" असं सांगत होते, मी बटणं दाबत होतो, शेवटी अक्काने भिंतीतली पिन ओढली. मयूर तिकडे पोट धरून हसत होता. ते कागद अक्काने बरण्यांवर दोऱ्याने बांधले. अजून तिच्या बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, डब्यावर ती अगम्य भाषा आहे.

पुढे योग्य ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा प्रोग्राम, सापडला, छापणं सुरू झालं, झेरॉक्सही. राहिलं स्कॅनिंग. पडदा म्हणे, स्कॅनरच सापडत नाही. त्यासाठी दर रविवारी काहीतरी नवं उतरवून घ्यावं लागे आणि साडूंच्या घरातलं इंटरनेट पारोळ्याच्या चढावरच्या भरलेल्या ट्रकसारखं. किती उतरलं ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी जागची हलत नसे. त्या वेळात काय करायचं? तर बोलायचं. याआधी मयूरचा फोन म्हणजे "जेवलात का? गोळ्या घेता ना? बरं, ठेवतो." आता पट्टी सरकेपर्यंत त्याला ठेवता येत नव्हतं. मग हळूहळू निघायला लागलं. खोलीच्या खिडकीतून दिसणारं झाड, ज्याचं नाव त्याला माहीत नाही. शेवभाजी करायला गेला आणि धुराची घंटा वाजून सगळी इमारत खाली आली ते. साहेब हसून बोलतो पण मनात काय आहे कळत नाही, ते. एकदा म्हणाला, "इथे दिवसभरात कुणी मला हाक मारत नाही, आडनावाने मेल येतात." साडू पट्टीकडे बघत राहिले. म्हणाले, "अजून बरंच बाकी आहे. बोल तू."

दसऱ्याला साडूंनी घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा केली. स्कूटर, मिक्सर, शिलाई मशीन, आणि मानाने प्रिंटर. हळदकुंकू, झेंडू आणि अक्षता. कागद ठेवायच्या खाचेवर अक्षता उधळल्यावर जे व्हायचं ते झालं. प्रिंटर करकरला आणि गप्प बसला. साडूंनी तो उचलला, उलटा केला, नवरदेवाच्या डोक्यावरच्या अक्षता झटकाव्यात तसा झटकला. वायरी निघाल्या, त्या त्यांनी कॉम्प्युटरच्या मागे हाताला लागेल त्या जागी परत खोचल्या. हे सगळं मला अक्काकडून समजलं.

सणासुदीत आमचे रविवार हुकले, मयूरचे फोन मात्र चालूच होते. दिवाळीनंतर एका बारशासाठी आम्ही शनिवारीच धुळ्याला गेलो. साडू आंघोळीला गेले होते. मी सहज कॉम्प्युटर चालू केला, काचेवर माझं आधारकार्ड ठेवलं, स्कॅनचं बटण दाबलं. आत उजेड सरकला आणि पडद्यावर माझा चेहरा आला. आधारकार्डावरचा फोटो पाहून आनंद झालेला मी पहिलाच भारतीय असेन. "साडू! झालं! स्कॅनर लागला!"

साडू टॉवेलवरच धावत आले आणि त्यांनी माझ्या तोंडावर ओला हात ठेवला.

"हळू. कोनले सांगू नका." त्यांचा इतका बारीक आवाज मी कधीच ऐकला नव्हता. "दसऱ्यापासून लागला आहे. वायर दुसऱ्या जागी बसली आणि आपोआप लागला."

"मग मयूर दर रविवारी तासभर शोधतो ते?"

"मी खोटं नाही बोलत. तो विचारतो, पडद्यावर काय आलं होतं पप्पा? दसऱ्याआधी आलं होतं ते मी सांगतो. पाठ आहे मला." मग ते खुर्चीवर बसले. अंगावरून पाणी निथळत होतं. "लागला म्हटलं तर तो म्हणेल, बरं झालं, ठेवतो."

आधारकार्ड खिशात टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नेहमीप्रमाणे फोन लागला. मयूर उत्साहात होता. "पप्पा, उपाय सापडला! मी इथे तुमच्यासारखाच प्रिंटर मागवतो. तुमच्यासारखंच लिनक्स लावतो. मग तुमचा बिघाड मला इथे करून बघता येईल. आत्ता ऑर्डर टाकतोय."

साडूंनी माझ्याकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं. अक्काच्या हातातली सुपली थांबली होती.

"नको मागवू."

"का?"

"चालू शे रे भो. दसऱ्यापासून चालू शे."

साडू फोनकडे असे बघत होते, की शेवटची गाडी गेल्यावर स्टँडवर राहिलेला एकटा उतारू आठवावा.

"दसऱ्यापासून?" मयूर म्हणाला.

"हो."

मग तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, भांडं ठेवल्याचा आला.

"पप्पा, तुम्हाला आता काही काम आहे?"

"मला कसलं काम?"

"मग ठेवू नका. मी भाजी टाकतोय. बोलायला काही नाही माझ्याकडे, पण फोन असू द्या."

"तेल तापू दे आधी," अक्का फोनजवळ सरकत म्हणाली. "कच्च्या तेलात मोहरी टाकतोस तू."

"हो गं आई."

आम्ही सगळे त्या टेबलाभोवती बसलो. बऱ्याच वेळाने तिकडे मोहरी तडतडली. जिरं पडलं, मग कांदा, मग कालथ्याचा आवाज. साडूंनी डोळे मिटून मान किंचित पुढे केली आणि मोठा श्वास आत ओढला. आवाज अगदी स्वच्छ येत होता. वास तेवढा येत नव्हता.